चपड्याचे दोन हात

ते साल एकोणीसशे चौऱ्याहत्तर. मे महिना अर्धा उलटला होता. सकाळचे दहाही वाजले नव्हते, तरी खोरशेदबाईंच्या सोलापुरातल्या बंगल्याच्या दगडी पायरीवर अनवाणी पाय ठेववत नव्हता. आत दिवाणखान्यात वाळ्याचे पडदे सोडून त्यांवर पाणी मारलेलं होतं. त्या ओल्या वासात विजापूरचा वाद्यदुरुस्तीवाला शिवयोगी पियानोसमोर स्टुलावर बसला होता. त्यानं डब्यातून पहिला रोल काढला, पियानोच्या पोटातल्या खाचेत बसवला, कागदाचं टोक दोन बोटांत धरलं आणि खाली ओढलं.

टच् असा आवाज झाला.

कागद फाटला असता तर फर्रकन फाटला असता. हा मोडला. उन्हात वाळलेली कुरडई मोडावी तसा मोडला आणि वीतभर तुकडा शिवयोगीच्या हातात राहिला. त्यानं आधी त्या तुकड्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या राजय्याकडे.

"अय्यो! कागद आहे की पत्रा आहे हा?"

राजय्याला काही उमगलंच नाही. तो धुतलेला सदरा घालून, टोपी हातात घेऊन उभा होता. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका चादरीच्या कारखान्यात तो जेकार्डच्या मागाची कार्डं पाडायचा. पुठ्ठ्याच्या लांबट पट्ट्यांना नक्षीप्रमाणे भोकं पाडायची, हेच त्याचं अठ्ठावीस वर्षांचं काम. वय पंचेचाळीस. आज त्यानं मुद्दाम अर्ध्या दिवसाची रजा काढली होती, कारण दोन वर्षं जिवापाड जपलेली ठेव तो आज परत करायला आला होता. पंचेचाळीस रोल, पंचेचाळीस लांबट डबे, सायकलवरून तीन खेपा.

"दुसरा घे," खोरशेदबाई वेताच्या खुर्चीतून म्हणाल्या. त्या शहात्तर वर्षांच्या. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून मुंबईहून नुकत्याच परतलेल्या. जाड काचांच्या चष्म्यातून त्यांना मोडलेला तुकडा नीट दिसला नव्हता, पण आवाज ऐकू आला होता.

शिवयोगीनं दुसरा घेतला. त्याचं टोक सुटेचना. नखानं उचकटायला गेला तर पापुद्रा निघाला, खालच्या थराला चिकटूनच. तिसरा त्यानं खाचेत बसवलाच नाही. हातात घेतला आणि स्टुलाच्या कडेवर हलकेच आपटला. वेळूच्या नळीचा आवाज आला. ठक.

"काय लावलंस रे ह्याला?"

"चपडा," राजय्या म्हणाला. "चपडा लाख. स्पिरिटात पातळ केलतो. कार्डाला देतो तसाच की."

"सगळ्याला?"

"सगळ्याला."

शिवयोगीनं तो रोल डब्यात परत घातला. पडद्यावरून पाणी ठिबकत होतं.

हा पियानो आपला आपण वाजायचा. पायानं खालचा भाता हाणायचा, की वर कागद सरकू लागायचा. कागदाला बारीक भोकं. भोक आलं, की तिथून हवा ओढली जायची आणि त्या सुराची पट्टी आपोआप खाली जायची. भुतानं बोटं ठेवावीत तशी. पाहुण्यांना हे चारदा समजावून सांगावं लागे. राजय्याला कधीच लागलं नाही. त्याच्या मागावर भोक आलं की दोरा उचलला जाई, इथं भोक आलं की सूर. जेकार्डच्या घरात जन्मलेल्याला त्यात नवल ते काय!

आणि म्हणूनच तर बाईंनी ते रोल त्याला दिले होते. दुष्काळाचं ते बहात्तर साल. बाई डोळ्यांसाठी भावाकडे मुंबईला निघाल्या, किती दिवस लागतील ठाऊक नाही, आणि बंगल्याच्या कपाटांत वाळवी निघाली. तेव्हा त्यांनी राजय्याला बोलावून सांगितलं, "तू घेऊन जा. भोकाची कदर तुला आहे. बाकी लोक कागद समजेल." त्यानं चौपन्न डबे मोजून घेतले. जे हाताखालचं काम, तेच घरी आलं म्हणून त्याला बरंही वाटलं. त्या साली कारखाना आठवड्यातून तीनच दिवस चाले, वेळ हाताशी होता. कार्डांची कड झिजू नये, दमटपणानं पुठ्ठा फुगू नये, उंदरानं तोंड लावू नये म्हणून त्यांना पातळ चपडा द्यायचा, ही त्याच्या बापाची शिकवण. बापानं चपडा दिलेली कार्डं वीस-वीस वर्षं चालली होती. मग हा तर त्याहून नाजूक कागद. साखर पेठेतल्या पत्र्याच्या खोलीत त्यानं भिंतीपासून भिंतीपर्यंत दोऱ्या बांधल्या, एकेक रोल उलगडला, कापडाच्या बोळ्यानं दोन्ही अंगांनी चपडा फिरवला, एकही भोक बुजू दिलं नाही, दिवसभर सावलीत वाळवला आणि पुन्हा गच्च गुंडाळून डब्यात घातला. एका रोलला एक दिवस. असे पंचेचाळीस दिवस.

"कार्ड कधी गुंडाळतोस का तू?" शिवयोगीनं विचारलं. तो चिडला नव्हता. नाडी सापडत नसलेल्या रोग्याच्या घरी वैद्य बोलतो तसा बोलत होता.

"न्हाय. घडी घालतो. एकावर एक."

"मग? घडीत वारा खेळतो री. हा गच्च वळलेला. वर तुझा पत्रा तापला दोन उन्हाळे. चपडा पाघळला, थराला थर चिकटला, पावसाळ्यात परत कडक झाला. ह्या कागदाला काहीसुद्धा लावायचं नसतं. आडवा ठेवायचा, कोरडा ठेवायचा, सहा महिन्यांनी एकदा उलगडून सैल हातानं परत वळायचा. एवढंच. काही न करणं हेच काम."

राजय्या ऐकत होता की नाही कोण जाणे. त्याची नजर डब्यांच्या ढिगात काहीतरी शोधत होती. सापडलं तेव्हा तो पुढं झाला आणि एक डबा उचलून त्यानं पोटाशी धरला.

"हा नका ओढू. हा मी बघतो."

"कोणता आहे?" खोरशेदबाईंनी विचारलं. मग त्यांचं त्यांनाच कळलं. "मल्लव्वाचा? त्याला पण लावला?"

राजय्यानं मान हलवली. मग तो म्हणाला, "त्याला दोन हात दिले, बाईसाहेब. आपला म्हणून."

मल्लव्वा राजय्याची आई. पस्तीस साली ती ह्याच बंगल्यात आया होती. खोरशेदबाईंचा मुलगा जाल तेव्हा वर्षाचा होता आणि मल्लव्वाच्या तेलुगू अंगाईशिवाय डोळा मिटत नव्हता. मल्लव्वा पोटुशी राहिली आणि बाळंतपणाला करीमनगरकडच्या आपल्या गावी निघाली, तेव्हा बाईंना एकच चिंता लागली. दोन-तीन महिने ह्या पोराला निजवायचं कसं? बाईंचे यजमान सोराबजी मिलमध्ये विणाई मास्तर. यंत्रात डोकं चालणारा माणूस. त्यांनी मल्लव्वाला पियानोपाशी सतरंजीवर बसवलं, ती गाईल तसे सूर पट्ट्यांवर शोधले आणि चादरीची नक्षी ज्या चौकड्यांच्या कागदावर काढत, त्याच कागदावर ते गाणं ठिपक्या-ठिपक्यांनी उतरवून घेतलं. त्यावरून मल्लव्वाच्या नवऱ्यानं, दुर्गय्यानं, बारीक पंच घडवून बावीस फूट कागदावर भोकं पाडली. मल्लव्वा गावी गेली त्या रात्री जाल यंत्राच्या अंगाईवर झोपला, आणि ह्या युक्तीचं सगळ्यांना फार हसू आलं.

मल्लव्वा परत आलीच नाही. बाळंतपणात गेली, मूलही गेलं. तिकडंच सगळं झालं. राजय्या सहा वर्षांचा होता. घरात तिचा फोटो नाही, कपडा नाही. दोन महिन्यांपुरता केलेला तो रोल तेवढा राहिला. दरसाल पतेतीला, पारशांच्या नव्या वर्षाला, सोराबजी दुर्गय्याला आणि पोराला बोलावीत, फालुदा देत आणि तो रोल लावीत. सोराबजी गेले, दुर्गय्या गेला, तरी बाईंनी ती रीत मोडली नाही. वर्षातून एकदा राजय्या ह्या दिवाणखान्यात येई आणि आईला ऐकून जाई.

आता ती आई त्याच्या पोटाशी धरलेल्या डब्यात होती. कडक, चकचकीत, वेळूसारखी.

खोरशेदबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्या रागावतील म्हणून शिवयोगी खाली बघत बसला होता. पण त्या एवढंच म्हणाल्या, "राजय्या, तू घरी जा. जेव. गुन्हा माझा आहे. मी सांगितला जप, आणि कसा जपायचा ते सांगितला नाही."

ह्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी लच्चव्वा उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत होती. त्या गल्लीत दारोदारी बायका अशाच बसलेल्या असत. नवरा सायकल भिंतीला न टेकवता तशीच आडवी टाकून आत गेला, तेव्हा तिचे हात थांबले.

"काय ओ? बाई गेल्या का काय?"

"न्हाय."

"मग तोंड असं का?"

त्यानं सांगितलं. दोन वाक्यांत. ती ऐकत राहिली. मग उठून आत गेली आणि कोपऱ्यातली पत्र्याची ट्रंक तिनं ओढली. तिच्यात तेंदूची पानं, तंबाखूची भुकटी, दोऱ्याची रिळं. त्या सगळ्याच्या खालून तिनं नऊ डबे काढले.

"हे न्हेलाच न्हाई तुमी."

राजय्याला आठवलं. स्पिरिट संपलं होतं तेव्हा नऊ रोल उरले होते, पुढच्या महिन्यात करू म्हणून बाजूला ठेवले होते. मग कारखाना पुन्हा सहा दिवस चालू लागला आणि ते त्याच्या डोक्यातूनच गेले. लच्चव्वानं पायात येतात म्हणून ट्रंकेत टाकले होते. त्यानं एकाचं झाकण काढलं. कागदाचं टोक धरलं.

सळसळ करत कागद सुटला. मऊ, पिवळसर, एकही भोक न दुखावलेला. तंबाखूचा वास मारत होता तेवढाच. कसर नाही, झुरळ नाही.

"मी काय बी केलं न्हाई त्येला," लच्चव्वा घाबरून म्हणाली. तिला वाटलं, हेही बिघडलं की काय.

"तेच की," राजय्या म्हणाला, आणि त्यानं दुसऱ्या डब्याचं झाकण काढलं.

ज्यांच्यावर त्यानं हात फिरवला ते मेले, आणि ज्यांना तो विसरला ते जिवंत राहिले. हे त्याच्या डोक्यात मावेना. दुसऱ्या दिवशी कारखान्यात त्यानं मोराचं कार्ड पाडलं. दुपारी मागावरून कोंडीबा विणकर राजय्याला आडनावानं हाका मारत आला, "येमूल! अरं तुझ्या मोराला दोन चोची फुटल्या! एकीनं खातोय आन एकीनं शिव्या देतोय व्हय?" सगळे हसले. मग राजय्याचं तोंड बघून एकेकाचं हसू विरलं. अठ्ठावीस वर्षांत त्याचं भोक चुकलं नव्हतं. कोंडीबानं मुकाट्यानं ते कार्ड खिशात घातलं आणि मागाला चाप लावून बसून राहिला. "सावकाश कर," म्हणाला. "मोर कुटं पळतोय."

शनिवारी राजय्यानं चार बाटल्या स्पिरिट आणलं. चपडा ज्यात विरघळवला त्यातच तो परत सुटेल, हे त्याला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण हात लावायचं धाडस होत नव्हतं. त्यानं रद्दी झालेल्या एका रोलवर आधी करून पाहिलं. शिवयोगी अजून सोलापुरातच होता, बंगल्याच्या आउटहाउसात राहून भात्याचं कातडं बसवत होता. तोही येऊन बसला. स्पिरिटात भिजवलेलं फडकं गुंडाळीभोवती लपेटायचं, थांबायचं, मग बांबूच्या चपट्या कामटीनं थर सोडवायचा. एका वेळी चार बोटं. घाई केली की दोन भोकांमधली कागदाची काडी तुटे आणि दोन सुरांचं एक खिंडार होई.

मल्लव्वाचा रोल उघडायला पाच रविवार लागले. लच्चव्वानं त्या दिवसांत चूल बाहेर गल्लीत मांडली, स्पिरिटाजवळ विस्तव नको म्हणून. शेजारणींनी विचारलं, "काय चाललंय गं घरात?" ती म्हणायची, "सासूबाई उठायच्यात."

बाहेरचे थर सुटले. गाण्याची सुरुवात बाहेरच्या अंगाला असते, ती मिळाली. पाच फूट, आठ फूट, अकरा. बापानं पाडलेली भोकं राजय्या बोटाच्या टोकानं चाचपत होता आणि दुसऱ्या कोऱ्या कागदावर त्यांच्या खुणा उतरवून घेत होता. चौदाव्या फुटाशी कामटी अडली. आतली गुंडाळी सर्वांत घट्ट, आणि चपडा दोन हातांचा. फडकं लावलं तर कागदच लगद्यासारखा सुटून आला. राजय्यानं तळहातावर तो लगदा घेतला. त्यात अर्धं भोक दिसत होतं, मग तेही मिटलं.

"थांब," शिवयोगी म्हणाला.

"थांबलो," राजय्या म्हणाला.

उरलेल्या आठ फुटांत काय होतं? सोराबजींचा चौकड्यांचा कागद मिलच्या रद्दीत कधीच गेला होता. राजय्या बंगल्यावर गेला. खोरशेदबाई वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या.

"तुम्हाला शेवट ठावं हाय, बाईसाहेब?"

"चाळीस वर्षं ऐकते. ठाऊक नाही कसा?" त्यांनी गुणगुणायला सुरुवात केली. सूर वर गेला, परत वर गेला. मग त्या थांबल्या. "नाही. खाली येते ती." परत सुरुवात केली. या खेपेला मध्येच कुठंतरी वेगळीच वाट धरली. अंधारात ओळखीच्या घरात पायरी चुकावी, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर आलं. "मल्लव्वा जसा गात होती तसा एक, आणि यंत्र वाजवते तसा एक. दोन्ही एकात एक गेला. पण तू सांग ना. तुझी माय!"

राजय्या टोपी चुरगाळत उभा राहिला.

"मी शेवटपत्तोर कधी थांबलोच न्हाय."

"काय बोलतोस? दर पतेतीला तर येतो."

"बापाला सोसायचं न्हाय. अर्ध्यात उठायचा. माझा हात धरायचा आन बाहेर लांब पेरूच्या झाडाखाली जाऊन उभा राहायचा. तो मेल्यावर बी... मला वाटलं तसंच करायचं असतं."

चाळीस वर्षं खोरशेदबाईंनी त्याला अर्ध्यातून उठताना पाहिलं होतं आणि त्यांना वाटलं होतं, रडायला जातो.

मग लच्चव्वा त्याला गल्लीतल्या म्हाताऱ्यांकडे घेऊन गेली. करीमनगरकडून आलेल्या तिघी अजून होत्या. त्यानं सुरुवात गुणगुणली, तशी तिघींनीही बोळकी उघडली आणि त्या पुढं गायला लागल्या. पण शेवटाला एक इकडं गेली, एक तिकडं, आणि तिसरी मध्येच गप्प झाली.

"तुझं काय झालं, अव्वा?" लच्चव्वानं विचारलं. "विसरलीस?"

"विसरते कशाला? माझी पोरं हितंच झोपायची." म्हातारी फिसकन हसली. "पोर झोपलं की गाणं बंद. शेवट म्हणून कोण गातंय? हिची पोरं द्वाड, म्हणून हिचं लांब."

तो रस्ताही संपला.

राजय्यानं नवा कागद आणला. बापाचा बारीक पंच काढून धार लावली. महिनाभर संध्याकाळी बसून चौदा फूट भोकं पाडली. ऑगस्टात, पतेतीच्या सकाळी, नवा रोल घेऊन तो बंगल्यावर गेला तेव्हा खोरशेदबाईंनी आधीच ठरवून ठेवलं होतं.

"पुढचा मी सांगते तसा पाड. शिवयोगी सूर काढून देईल. थोडा चुकला तर चालेल. मी आता किती दिवस?"

"न्हाय बाईसाहेब."

"का न्हाय?"

"एक भोक चुकलं तर लोक हसत्यात, कार्ड फेकून देतो आमी. हे फेकता येनार न्हाय. मागाहून जो ऐकंल, तो म्हनंल मल्लव्वा अशीच गात होती. जे ऐकलं न्हाय, त्याचं भोक मी पाडनार न्हाय."

"मग चौदा फुटाला कापून टाक."

"ते बी न्हाय. बावीस फूट व्हता. बावीसच ठेवलाय. पुढं कोरा."

बाई चिडल्या. खरंच चिडल्या. इतके महिने न आलेला राग आता आला. "सगळा तुझा वाया घालवला तू, आणि आता मला शिकवते? माझा नवरा बसून लिहिला ते! माझा जाल झोपला त्याच्यावर!" त्यांचा आवाज फाटला. राजय्या मान खाली घालून ऐकत राहिला. जागचा मात्र हलला नाही. शेवटी बाईच दमल्या. "लाव," राजय्याकडे बोट करून शिवयोगीला म्हणाल्या. "लाव तुझ्या मालकाचा रोल."

शिवयोगीनं टोक हुकात अडकवलं आणि पाय हाणायला सुरुवात केली. पट्ट्या आपापल्या खाली जाऊ लागल्या. मल्लव्वाची अंगाई सुरू झाली. भाबडी, चार-पाच सुरांत घोटाळणारी, पाळण्याच्या झोक्यासारखी जाऊन परत येणारी. मध्यावर जिथं दुर्गय्या उठायचा, ती जागा आली. बाईंनी राजय्याकडे पाहिलं. तो सतरंजीवर मांडी घालून बसला होता. उठला नाही.

मग सूर थांबले. एकदम. शिवयोगीचा पाय सवयीनं उचलला गेला.

"चालव," खोरशेदबाई म्हणाल्या.

तो परत हाणू लागला. पांढरा कागद वरून खाली सरकत होता. पट्ट्या स्तब्ध. फक्त भात्याचा श्वास येत होता, आत-बाहेर, आत-बाहेर, झोपलेल्या माणसासारखा. आठ फूट कागद जायला मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो. त्या दिवशी तो फार लांब वाटला. राजय्या पहिल्यांदाच शेवटपर्यंत बसला होता. कागद संपून नळी टकटक फिरू लागली, तेव्हा तो उठला, बाईंच्या पाया पडला आणि कामाची वेळ झाली म्हणून निघून गेला.

खोरशेदबाई सत्त्याहत्तरच्या थंडीत गेल्या. जाल इंग्लंडहून आला, चार दिवस राहिला, बंगला विकून गेला. तो रोल त्याला ऐकवला तेव्हा त्यानं घड्याळाकडे पाहिलं नाही, एवढं शिवयोगी सांगत असे. लच्चव्वानं पुढं पंधरा वर्षं विड्या वळल्या. कोंडीबा मागावर बसल्या बसल्या एकदा कलंडला तो उठलाच नाही. राजय्या एकोणनव्वदपर्यंत त्याच कारखान्यात होता. उरलेल्या चिकटलेल्या रोलांतले अकरा त्यानं रविवार-रविवार करून सोडवले. अकराच सुटले. मग त्याचे डोळे गेले, आणि त्र्याण्णव साली तोही गेला.

तो पियानो शिवयोगीनं विजापूरला नेला. नऊ रोल, अकरा रोल आणि तो एक. सगळे त्यानं कोरड्या कपाटात आडवे ठेवले, सहा महिन्यांनी उलगडून सैल हातानं परत वळले. दुकानात कुणी हौशी माणूस आला की तो त्याला स्टुलावर बसवी, पायानं भाता हाणायला लावी. चौदा फुटांनंतर सूर बंद पडत. नवखा माणूस ओशाळून पाय काढून घेई आणि विचारी, "बिघडलं का हो माझ्याकडून?"

"नाही री," शिवयोगी म्हणायचा. "पाय थांबवू नका. कागद अजून आहे."